मुंबई–हैदराबाद द्रुतगती रेल्वे आणि सोलापूर

मुंबई–हैदराबाद द्रुतगती रेल्वे हा मुंबई, पुणे, सोलापूर, कलबुर्गी आणि हैदराबाद या शहरांना जोडणारा सुमारे ७११ किलोमीटर लांबीचा प्रस्तावित लोहमार्ग आहे. बोलीभाषेत त्याला 'हैदराबाद बुलेट ट्रेन' म्हटले जाते. प्रस्तावात सोलापूर शहराबरोबरच जिल्ह्यातील अकलूज व पंढरपूर येथेही स्थानके सुचविण्यात आली होती. सर्वेक्षणाची प्रक्रिया २०२० मध्ये सुरू झाली. त्यानंतर अनेक वर्षे प्रत्यक्ष बांधकामाचा निर्णय न झाल्याने जिल्ह्यात प्रकल्पाविषयी नाराजी निर्माण झाली. ही नाराजी दोन प्रकारची आहे: जलद प्रवासाची अपेक्षा बाळगणाऱ्यांना गाडी येत नाही म्हणून खंत वाटते, तर ज्यांच्या शेतातून मार्ग जाण्याची शक्यता आहे त्यांना आपली जमीन जाणार की राहणार हे कळत नाही म्हणून चिंता वाटते. दोन्हींच्या मुळाशी निर्णयातील दीर्घ अनिश्चितता आहे.

## पार्श्वभूमी

सोलापूरचा रेल्वेशी संबंध जुना आहे. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे धावली आणि त्यानंतर सात वर्षांनी, १८६० मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूरपर्यंत पोहोचला. त्या वेळी बोरघाटातील चढाचे काम अपुरे होते. घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. म्हणजे घाटाखालचा व घाटावरचा लोहमार्ग एकमेकांना जोडला जाण्याआधीच सोलापुरात गाडी आली होती. १८७१ मध्ये हा मार्ग रायचूर येथे मद्रास रेल्वेला मिळाला आणि सोलापूर मुंबई–मद्रास या मुख्य मार्गावरील महत्त्वाचे ठिकाण बनले.

शहरात कापडगिरण्यांची भरभराट झाली, त्यामागे ही रेल्वे हे एक प्रमुख कारण होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरी चादरीचा व्यवसाय वाढविला. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा शहरात बोलल्या जातात, आणि अनेक कुटुंबांचे नातेसंबंध हैदराबाद व कलबुर्गीकडे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८, तर जिल्ह्याची ४३,१७,७५६ होती. मोठ्या कापडगिरण्या बंद पडल्यानंतर शिक्षण व नोकरीसाठी पुण्याकडे जाणाऱ्या तरुणांचे प्रमाण वाढले. त्यामुळे पुणे व मुंबईशी जलद संपर्क हा सोलापुरात दीर्घकाळ सार्वजनिक चर्चेचा विषय राहिला आहे.

## प्रस्तावाचा प्रवास

डिसेंबर २००९ मध्ये रेल्वे मंत्रालयाने 'व्हिजन २०२०' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात द्रुतगती रेल्वेसाठी देशातील सहा मार्ग सुचविले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला पुणे–मुंबई–अहमदाबाद हा मार्ग आला होता. सोलापूरचा उल्लेख त्यात नव्हता. पुढे या मार्गातून पुण्याचा भाग वगळण्यात आला आणि मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग निश्चित झाला.

२०१४ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता या महानगरांना जोडणाऱ्या द्रुतगती मार्गांच्या 'हिरक चतुष्कोना'ची घोषणा झाली. मुंबई–चेन्नई ही त्याची एक बाजू होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशन या कंपनीची स्थापना झाली. तिच्याकडे प्रथम मुंबई–अहमदाबाद मार्गाचे काम आणि नंतर आणखी सात मार्गांचे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. मुंबई–हैदराबाद हा त्या सातांपैकी एक होता. महाराष्ट्रातील दुसरा मार्ग मुंबई–नागपूर हा होता.

२०२० च्या अखेरीस मुंबई–हैदराबाद मार्गाच्या सर्वेक्षणासाठी निविदा मागविण्यात आल्या. विमानातून लेझर किरणांच्या साहाय्याने भूपृष्ठाचे मोजमाप करणे, प्रवासीसंख्येचा अंदाज बांधणे, भूमिगत व उपरी वाहिन्यांची नोंद घेणे आणि पर्यावरणीय व सामाजिक परिणामांचा अभ्यास करणे ही कामे त्यात अंतर्भूत होती. मार्गावरील जिल्ह्यांत लोकांशी सल्लामसलतीच्या बैठकाही झाल्या. त्यानंतर संसदेत या मार्गाविषयी प्रश्न विचारले गेले असता मंत्रालयाच्या उत्तरांचा आशय बहुधा एकच राहिला: द्रुतगती रेल्वे प्रकल्प अत्यंत भांडवलप्रधान असतात, त्यामुळे मंजुरीचा निर्णय प्रकल्प अहवालाचे निष्कर्ष, तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यता आणि निधीची उपलब्धता यांवर अवलंबून असतो.

१ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात सात द्रुतगती मार्गांची नव्याने घोषणा झाली. त्यांत मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद असे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. पूर्वीचा सलग प्रस्ताव अशा रीतीने दोन भागांत पुढे आला. अर्थसंकल्पीय भाषणात केवळ टोकांच्या शहरांची नावे होती. मधल्या स्थानकांचा उल्लेख नव्हता.

## प्रस्तावित मार्गाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या व्याख्येनुसार ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगासाठी नव्याने बांधलेल्या मार्गाला द्रुतगती मार्ग म्हणतात. जुन्या मार्गात सुधारणा करून ताशी सुमारे २०० किलोमीटर वेग साधला, तर त्याचाही समावेश या वर्गात होतो. भारतात ताशी १६० ते २०० किलोमीटर वेगाच्या सेवांना सामान्यतः 'निमद्रुतगती' म्हटले जाते.

मुंबई–हैदराबाद प्रस्तावात आरेखनाचा वेग ताशी ३५०, प्रत्यक्ष धावण्याचा कमाल वेग ताशी ३२० आणि सरासरी वेग ताशी २५० किलोमीटर गृहीत धरला होता. या सरासरीने ७११ किलोमीटरचे अंतर तीन तासांहून थोड्या कमी वेळात पार होते. सोलापूर ते पुणे हे अंतर सध्याच्या मार्गाने सुमारे २६३ किलोमीटर आहे. नव्या मार्गाचे अंतर जवळपास तेवढेच धरल्यास हा प्रवास साधारण एका तासाचा होईल.

असा मार्ग जुन्या रुळांवर उभारता येत नाही. भारतीय ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर असते, तर द्रुतगती मार्गासाठी १,४३५ मिलिमीटरचे स्टँडर्ड गेज वापरले जाते. वेग जितका जास्त तितकी वळणे सौम्य असावी लागतात आणि त्यांची त्रिज्या काही किलोमीटर असते. त्यामुळे एखादे गाव, विहीर किंवा फळबाग टाळण्यासाठी मार्ग थोडासा वळविणे अभियंत्यांना सहज शक्य नसते. एका ठिकाणी आखणी हलविली, की पुढेमागे कित्येक किलोमीटरपर्यंत ती बदलावी लागते. लेव्हल क्रॉसिंग चालत नसल्याने मार्गाचा मोठा भाग खांबांवरील पुलावरून नेला जातो. मुंबई–अहमदाबाद मार्गासाठी साधारण १७.५ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. त्या हिशेबाने दर किलोमीटरला सुमारे पावणेदोन हेक्टर जमीन लागते. क्षेत्र मोठे नसले, तरी लहान शेताचे मधोमध दोन तुकडे होणे, विहीर एका बाजूला व पीक दुसऱ्या बाजूला राहणे, अशा अडचणी उद्भवतात.

## विलंबाची कारणे

विलंबामागे एकच कारण नाही. प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

खर्च आणि वित्तपुरवठा: मुंबई–अहमदाबाद मार्गाचा मूळ अंदाज सुमारे १,०८,००० कोटी रुपये होता. त्यातील सुमारे ८१ टक्के रक्कम जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून ०.१ टक्के व्याजदराने, ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज म्हणून मिळण्याची व्यवस्था झाली होती. घोषणा झालेल्या प्रत्येक मार्गाला असे सवलतीचे कर्ज मिळेलच असे नाही.

पहिल्या प्रकल्पाचा अनुभव: मुंबई–अहमदाबाद मार्गाचे भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. तो २०२३ पर्यंत पूर्ण करण्याचे मूळ उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात, विशेषतः पालघर जिल्ह्यात, भूसंपादनास विरोध झाला आणि ते लांबले. संपूर्ण मार्गाचे भूसंपादन जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले. गुजरातमधील पहिला टप्पा २०२७ मध्ये सुरू करण्याचे सुधारित उद्दिष्ट नंतर जाहीर झाले.

अनेक सरकारांचा सहभाग: मुंबई–हैदराबाद मार्ग महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणा या तीन राज्यांतून जातो. नॅशनल हाय स्पीड रेल कॉर्पोरेशनमध्ये केंद्राचा वाटा ५० टक्के, तर महाराष्ट्र व गुजरात यांचा प्रत्येकी २५ टक्के आहे. नव्या मार्गासाठी राज्यांच्या वाट्याची अशीच वाटणी ठरविणे ही स्वतंत्र वाटाघाटीची बाब आहे.

भौगोलिक अडचण: मुंबई व पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीचा कडा आहे. सौम्य चढ व सौम्य वळणे राखून तो ओलांडण्यासाठी लांब बोगदे लागतात आणि ते मार्गाचा सर्वांत खर्चिक भाग ठरू शकतात. सोलापूर जिल्ह्यातील भूभाग तुलनेने सपाट असला, तरी मुंबईशी जोडणीचा लाभ घाटातील कामावरच अवलंबून आहे.

## नाराजीचे स्वरूप

### प्रवासी व व्यापारी

प्रवाशांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न वेळेचा आहे. मुंबई–सोलापूर हे ४५५ किलोमीटरचे अंतर कापण्यास वंदे भारत एक्सप्रेसला सुमारे साडेसहा तास लागतात. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास आहे. पुणे–सोलापूर दरम्यान धावणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेससारख्या गाडीला साधारण चार तास लागतात. सकाळी पुण्यात काम करून संध्याकाळी परतणे शक्य असले, तरी दररोजच्या नोकरीसाठी हे अंतर फार आहे. प्रवास एका तासावर आला, तर सोलापुरात राहून पुण्यात नोकरी करता येईल आणि उद्योगही सोलापूरकडे वळतील, अशी समर्थकांची मांडणी आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि गाणगापूर या तीर्थक्षेत्रांकडे येणाऱ्या भाविकांचाही दाखला दिला जातो.

### शेतकरी

मार्ग माळशिरस, पंढरपूर, मोहोळ व सोलापूरच्या परिसरातून जाईल, असे प्रस्तावित स्थानकांवरून दिसते. हा उसाचा, डाळिंबाचा व द्राक्षाचा पट्टा आहे. सुरत–चेन्नई द्रुतगती महामार्ग आणि नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्ग या प्रकल्पांमुळे जिल्ह्यात भूसंपादन व मोबदल्याचा प्रश्न आधीच तापलेला आहे. एकाच तालुक्यात अनेक प्रकल्पांच्या रेषा नकाशावर दिसू लागल्या, की कोणती रेषा खरी ठरणार हे शेतकऱ्यास समजत नाही.

केवळ सर्वेक्षण झाल्याने जमिनीच्या खरेदी-विक्रीवर कायदेशीर बंधन येत नाही. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यानंतरच जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना व्यवहार करता येत नाहीत. तथापि व्यवहारात परिणाम आधीच जाणवू शकतो. खांब रोवले गेले किंवा मोजणी झाली, की खरेदीदार मागे हटतो; विहीर खोदावी का, नवी बाग लावावी का, घर बांधावे का, हे निर्णय लांबणीवर पडतात. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग फळाला येण्यास काही वर्षे लागतात, त्यामुळे अनिश्चिततेचा काळ शेतकऱ्याला थेट महागात पडतो. मोबदल्याच्या हिशेबात आधीच्या तीन वर्षांतील परिसरातील विक्रीचे दर पाहिले जातात. व्यवहारच थंडावले असतील, तर जमिनीचे खरे मूल्य दाखविणारे पुरावेही कमी पडतात. 

## दरम्यानच्या सुधारणा

द्रुतगती मार्गाचा निर्णय प्रलंबित असताना विद्यमान मार्गावर सुधारणा झाल्या. दौंड ते कलबुर्गी दरम्यानच्या एकेरी मार्गाच्या दुहेरीकरणाचे काम २०२२ मध्ये पूर्ण झाले. भिगवण–वाशिंबे पट्ट्यात एकेरी मार्गामुळे गाड्यांना थांबून राहावे लागे. ती अडचण दूर झाली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. सोलापूर विमानतळाच्या नूतनीकृत इमारतीचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले आणि २०२५ मध्ये तेथून प्रथम गोवा व नंतर मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली.

या सुधारणांमुळे द्रुतगती मार्गाची निकड कमी होते का, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार विद्यमान दुहेरी मार्गावर वेग वाढविणे आणि पुण्यासाठी अधिक गाड्या सोडणे कमी खर्चात व लवकर होऊ शकते. शिवाय अशा गाड्यांचे भाडे सामान्य प्रवाशाला परवडते. दुसऱ्या मतानुसार एकाच मार्गावर मालगाड्या, लांब पल्ल्याच्या गाड्या व जलद गाड्या धावत असल्याने वेगवाढीला मर्यादा आहेत; म्हणून स्वतंत्र मार्ग अटळ आहे.

## तुलनात्मक उदाहरणे

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव: विलंबाची किंमत समजण्यासाठी याच परिसरातील या साध्या ब्रॉडगेज मार्गाचे उदाहरण उपयुक्त आहे. त्याची लांबी सुमारे ८४ किलोमीटर असून सुरुवातीचा अंदाज सुमारे ९०४ कोटी रुपयांचा होता. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या सोलापूर दौऱ्यात त्याच्या मंजुरीचा उल्लेख झाला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेला सुधारित खर्च सुमारे ३,२९५ कोटी रुपये, म्हणजे मूळ अंदाजाच्या साडेतीन पटींहून अधिक होता. या खर्चाचा निम्मा वाटा राज्य उचलणार आहे.

पुणे–नाशिक निमद्रुतगती रेल्वे: सुमारे २३५ किलोमीटर लांबीच्या या मार्गासाठी ताशी २०० किलोमीटरचा वेग प्रस्तावित होता. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, या कारणास्तव मूळ आखणी सोडून द्यावी लागली. अहिल्यानगर व शिर्डीमार्गे पर्याय पुढे आल्यावर जुन्या आखणीवरील नारायणगाव, मंचर व संगमनेर परिसरातून विरोध झाला.

जपान: टोकियो–ओसाका ही जगातील पहिली द्रुतगती रेल्वे १९५९ मध्ये बांधकाम सुरू होऊन १ ऑक्टोबर १९६४ रोजी खुली झाली. त्याच देशात १९७३ मध्ये आखलेल्या होकुरिकू मार्गाची गाडी कानाझावा येथे २०१५ मध्ये आणि त्सुरुगा येथे २०२४ मध्ये पोहोचली. जपानमध्येही मुख्य महानगरांना मिळालेली गती प्रादेशिक शहरांना मिळण्यास अनेक दशके लागली.

ब्रिटन: लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या 'हाय स्पीड २' या मार्गाचा बर्मिंगहॅम ते मँचेस्टर हा टप्पा वाढत्या खर्चामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. तोवर त्या टप्प्यासाठी मालमत्ता घेण्यासही सुरुवात झाली होती.

## पुढील टप्पे

एखादा द्रुतगती मार्ग घोषणेतून प्रत्यक्षात येण्यासाठी साधारणपणे पुढील टप्पे पार करावे लागतात: अंतिम आखणी व प्रकल्प अहवालास रेल्वे मंत्रालयाची मान्यता, राज्यांच्या वाट्याची निश्चिती, वित्तपुरवठ्याचा करार, केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, भूसंपादनाची अधिसूचना, मोबदल्याचे वाटप आणि त्यानंतर बांधकामाच्या निविदा. अर्थसंकल्पातील उल्लेख हा यांपैकी कोणत्याही टप्प्याची जागा घेत नाही. तो शासनाचा इरादा दर्शवितो.

पुणे–हैदराबाद मार्गाच्या बाबतीत सोलापूरच्या दृष्टीने तीन गोष्टी निर्णायक आहेत. पहिली, सोलापूर व पंढरपूर येथील स्थानके अंतिम आखणीत राहतात का. दुसरी, ती शहरापासून किती अंतरावर असतील. शहराबाहेर दूर असलेल्या स्थानकामुळे वाचलेला वेळ तेथपर्यंत पोहोचण्यात खर्च होऊ शकतो. तिसरी, मुंबई–पुणे हा स्वतंत्र मार्ग केव्हा पूर्ण होतो. तो लांबल्यास सोलापूरकरांना पुण्यापर्यंतची गती मिळेल, मुंबईपर्यंतची नाही.

भूसंपादनाची अधिसूचना निघेपर्यंत प्रवासी आणि शेतकरी या दोन्ही घटकांची प्रतीक्षा कायम राहते. मार्ग होणार असेल, तर त्याची निश्चित आखणी व कालमर्यादा जाहीर होणे आणि होणार नसेल किंवा दुसरीकडून जाणार असेल, तर तसे स्पष्ट सांगितले जाणे, या मागणीवर मात्र दोघांचेही हित एकत्र येते.